घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर अडला तर कुठून सुरुवात करायची

कोपरखैरण्याला आमचं घर आहे आणि तुर्भ्याच्या बाजार समितीतल्या दोन व्यापाऱ्यांचे हिशेब मी घरून सांभाळते. काही वर्षांपूर्वी, जुलैच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोन तास वीज गेली. वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर एकही साइट उघडेना. बँक उघडेना, मेल उघडेना. जिथे जावं तिथे लाल खूण आणि खाली 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'.

माझे हातपायच गळाले. जे जे ऐकलं होतं ते सगळं मी तासाभरात करून टाकलं. हिस्ट्री पुसली, कुकीज (साइट आपलं लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) पुसल्या, यादीतल्या सगळ्या चौकोनांवर खुणा करून पासवर्डही पुसले, शेवटी ब्राउझर काढून पुन्हा टाकला. फरक शून्य. रात्री साडेआठला धाकटे दीर कामावरून आले. त्यांनी कीबोर्डला हातही लावला नाही. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "वहिनी, ही तारीख बघा." तिथे २०१४ साल होतं. तारीख दुरुस्त केली आणि सगळ्या साइट्स धडाधड उघडल्या. विवरणपत्र वेळेत गेलं, पण साठवलेले बावीस पासवर्ड गेले ते गेलेच. एकेक करून ते परत मिळवण्यात आठवडा गेला.

त्या दिवसानंतर मी एक क्रम ठरवून घेतला आणि तो मोडत नाही. दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय काहीही पुसायचं नाही, काढायचं नाही. आमच्या सोसायटीत आणि ठाण्याला नौपाड्यात आईच्या इमारतीत बऱ्याच जणांचे कॉम्प्युटर मी याच क्रमाने सुरू करून दिले आहेत. तोच इथे लिहिते आहे. घरी विंडोजचा कॉम्प्युटर आणि क्रोम किंवा एज ब्राउझर आहे असं धरलं आहे. फायरफॉक्समध्ये नावं थोडी वेगळी असतात, क्रम तोच.

आधी जवळ काय हवं

- मोबाइल, आणि त्यात मोबाइल डेटा सुरू.
- नेटवाल्याचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर, कागदावर. नेट बंद पडल्यावर मेलमधून शोधता येत नाही.
- वायफायचा पासवर्ड.
- विंडोजचा पासवर्ड किंवा पिन. हा घरातल्या मुलालाच माहीत असतो आणि मुलगा पुण्याला असतो, असं फार वेळा होतं.
- एक वही आणि पेन. स्क्रीनवर आलेला संदेश शब्दशः उतरवून घ्या, नाहीतर मोबाइलने फोटो काढा. 'काहीतरी एरर आली' एवढ्यावरून कुणीच मदत करू शकत नाही.

१. दोष चारपैकी कुठे आहे ते ठरवा

साइट, नेटची लाइन, कॉम्प्युटर आणि ब्राउझर, या चार जागा. त्यातली कुठली हे पाच मिनिटांत कळतं.

जी साइट उघडत नाही तीच मोबाइलवर उघडा, पण वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. तिथेही उघडली नाही तर बिघाड बहुधा साइटच्याच बाजूला आहे. तुमच्या कॉम्प्युटरला हात लावू नका, तासाभराने किंवा रात्री उशिरा पुन्हा बघा. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी साइट अडते ती गर्दीने. तेव्हा ब्राउझर बदलून काही होत नाही, सकाळी सहाला उठून बसणं जास्त उपयोगी पडतं.

मोबाइल डेटावर उघडली तर आता मोबाइल घरच्या वायफायवर घ्या आणि तीच साइट पुन्हा उघडा. इथे अडली तर दोष लाइनमध्ये. सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

वायफायवरही मोबाइलमध्ये उघडते आणि फक्त कॉम्प्युटरवर उघडत नाही, तर कॉम्प्युटरवर दुसरा ब्राउझर वापरून पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये एज असतोच, वेगळा टाकावा लागत नाही. दोन्ही ब्राउझर अडले तर कॉम्प्युटरमध्ये बघा, तिसरी पायरी. एकच अडला तर ब्राउझरमध्ये बघा, चौथी पायरी.

ही तपासणी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक सोडतात. सोडू नका. मी २० तारखेला दुसरा ब्राउझर उघडून बघितला असता तर दोन्ही अडलेले दिसले असते, आणि पासवर्ड वाचले असते.

२. नेटची लाइन

भिंतीवरच्या फायबरच्या डबीपाशी जा आणि दिवे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. गच्चीवरून या इमारतीतून त्या इमारतीत गेलेली वायर कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. पावसाळ्यात आणि रस्ता खोदकामाच्या दिवसांत हे हमखास होतं. घरात बसून यावर इलाज नाही, नेटवाल्याला फोन करा आणि 'एलओएस लाल आहे' हेच शब्द सांगा. समोरचा माणूस मग 'राउटर बंद करून चालू करा' यात वेळ घालवत नाही.

दिवे ठीक असतील तर डबी आणि राउटर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी डबी लावा, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि शेवटी कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. बटण दाबून लगेच पुन्हा दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे.

आता एक सापळा. स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेल्या बऱ्याच जोडण्यांत रिचार्ज संपला की लाइन पूर्ण बंद होत नाही. तुम्ही कुठलीही साइट उघडलीत तरी नेटवाल्याचं लॉगिनचं किंवा पैसे भरायचं पान मध्ये येऊ पाहतं. पण बँक, गूगल यांसारख्या सुरक्षित साइट्स असं मध्ये घुसू देत नाहीत, त्यामुळे ते पान दिसतच नाही आणि फक्त एरर येते. माणूस ब्राउझरला दोष देत बसतो. तेव्हा दिवे हिरवे आणि साइट एकही नाही अशी अवस्था असली की आधी रिचार्जची तारीख बघा.

काही साइट उघडतात, काही नाहीत, आणि संदेशात 'डीएनएस' हा शब्द दिसतो, तर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा अडली आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'सिक्युरिटी', तिथे 'यूज सिक्युअर डीएनएस' असं आहे. ते सुरू करून यादीतून गूगल किंवा क्लाउडफ्लेअर निवडा. आमच्या मजल्यावर तीन घरांत एवढ्याने काम झालं. बदल करण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर तपासा, कारण पत्ता चुकीचा टाइप झाला तरी हाच संदेश येतो.

वायफाय दिसतं पण रांगतं, ही तक्रार सिडकोच्या जुन्या इमारतींत फार. भिंती जाड, राउटर दाराशी आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. राउटरची दोन नावं दिसत असतील तर ज्यात '५जी' आहे ते जवळच्या जवळ वेगवान, पण भिंत ओलांडताना कमजोर पडतं. आतल्या खोलीसाठी दुसरं, २.४ गिगाहर्ट्झवालं घ्या. डेस्कटॉप एका जागी राहणार असेल तर सरळ लॅनची केबल ओढून घ्या. एकदाच भिंतीला खिळे मारावे लागतात, पण कटकट कायमची जाते.

३. तारीख आणि घड्याळ

प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. ब्राउझर ते तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१४ दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो साइट उघडू देत नाही. ब्राउझर त्याचं काम बरोबर करत असतो.

तारखेवर उजवं क्लिक करा, 'ॲडजस्ट डेट अँड टाइम' उघडा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' सुरू करा, 'सिंक नाउ' दाबा. टाइम झोनमध्ये 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ असायला हवी. वेळ बरोबर दिसते पण झोन दुसऱ्या देशाचा आहे, असंही सापडतं. तेही दुरुस्त करा.

वीज गेली की तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पट्टीवरचा) घड्याळ चालू ठेवणारा सेल संपला आहे. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा गोल सेल, त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. डेस्कटॉपचा प्लग भिंतीतून काढून, बाजूचं झाकण उघडून, कडेची छोटी पट्टी दाबली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. पहिल्यांदा सुरू करताना काळ्या स्क्रीनवर एखादी कळ दाबायला सांगेल, तिथे तारीख भरा आणि पुढे जा. लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नका.

तारीख बरोबर आहे आणि एकाच साइटवर हा इशारा येतो, तर साइटचंच प्रमाणपत्र संपलं असेल. 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जायची वाट तिथे दिसते. जिथे पासवर्ड, पैसे किंवा आधार क्रमांक भरायचा आहे तिथे ती वाट धरू नका.

४. कॅश आणि कुकीज, पुसण्याआधी वाचा

एकच ब्राउझर अडतो आहे हे नक्की झालं की आधी कंट्रोल धरून एफ५ दाबा. यात ब्राउझर साठवलेली जुनी प्रत, म्हणजे कॅश, बाजूला ठेवून पान नव्याने आणतो. 'बिल भरलं तरी थकबाकी दिसते' अशा गोष्टी काही वेळा एवढ्यानेच सुटतात.

नाही सुटली तर इनकॉग्निटो विंडो उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. या विंडोत जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेंशनही (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी ॲप्स) सहसा बंद असतात. साइट इथे नीट चालली तर दोष या दोघांपैकी एकात आहे. काम तातडीचं असेल तर याच विंडोत उरकून घ्या, दुरुस्ती नंतर करा. हा मार्ग मला त्या रात्रीनंतर कळला आणि आता मी रोज वापरते.

पुसायची वेळ आली तर फक्त त्या एका साइटचं पुसा. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक केलं की 'कुकीज अँड साइट डेटा' दिसतं, त्यात साठवलेला डेटा व्यवस्थापित करायची ओळ असते, तिथे साइटच्या नावासमोर कचरापेटीचं चित्र असतं. बाकीच्या सगळ्या साइट्सचं लॉगिन जसंच्या तसं राहतं.

सगळंच पुसायचं ठरवलंत तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबल्यावर जी यादी येते, ती नीट वाचा:

- 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' पुसलं तर काही बिघडत नाही. एक-दोन दिवस साइट जरा सावकाश उघडतील.
- 'कुकीज' पुसल्या की सगळीकडून लॉगआउट व्हाल. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल हाताशी असल्याशिवाय करू नका.
- 'ब्राउझिंग हिस्ट्री' पुसून बिघाड सहसा जात नाही. खूण काढून टाका.
- 'पासवर्ड्स' आणि 'ऑटोफिल' यांना हातही लावू नका.

आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ब्राउझरमध्ये तुमच्या गूगल खात्याने साइन-इन केलेलं असेल आणि सिंक चालू असेल, तर इथे पुसलेली हिस्ट्री किंवा पासवर्ड तुमच्या मोबाइलमधूनही जातात. नुकसान एका जागी थांबत नाही.

म्हणून आजच, सगळं सुरळीत असताना, पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून 'एक्स्पोर्ट पासवर्ड्स' करून फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह कपाटात कागदपत्रांबरोबर ठेवा. ही फाइल उघडली की पासवर्ड उघडेच दिसतात, त्यामुळे कॉम्प्युटरवरची प्रत लगेच पुसा, रीसायकल बिनमधूनही. बुकमार्कची प्रतही अशीच घेता येते.

५. एक्स्टेंशन, नोटिफिकेशन आणि आपोआप बदललेलं पहिलं पान

एका रविवारी आईकडे नौपाड्याला गेले तर तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी चौकट येत होती, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले'. आई म्हणाली, "अगं, मी काही दाबलं नाही. पाककृतीच्या पानावर 'अलाउ' विचारलं, त्याशिवाय पाककृतीच दिसत नव्हती, म्हणून हो म्हटलं." तिने व्हायरस घेतला नव्हता, जाहिराती पाठवायची परवानगी दिली होती. चौकटीत नीट बघितलं तर खाली बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि त्या साइटचा पत्ता होता.

सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. 'अलाउड' यादीतून अनोळखी नावं काढा. वर पर्याय असतो की कुठल्याच साइटने ही परवानगी मागू नये, तो घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर मी लावूनच टाकते.

पहिलं पान बदललं, किंवा गूगलवर शोधलं तरी दुसरंच शोधयंत्र उघडतं, तर बहुधा फुकट पीडीएफ बदलून देणारं किंवा व्हिडिओ उतरवणारं काहीतरी टाकलेलं असतं. एक्स्टेंशनच्या पानावर जाऊन सगळी बंद करा, मग एकेक सुरू करत साइट बघा. ज्याला सुरू केल्यावर बिघडतं ते काढा. सेटिंग्जमधलं 'सर्च इंजिन' आणि 'ऑन स्टार्टअप' हे दोन्ही तपासा. विंडोजच्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स' यादीत तारखेप्रमाणे लावून त्या सुमारास आलेलं अनोळखी ॲप काढा, नाहीतर एक्स्टेंशन पुन्हा उगवतं.

ब्राउझरच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसलं आणि कॉम्प्युटर ऑफिसचा नाही, तर चौकशी करा. काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, पण नको ते ॲपही आणतं.

६. पॉप-अप, डाउनलोड आणि न उघडणारी पीडीएफ

'प्रिंट'वर क्लिक केलं आणि काहीच घडलं नाही, तर पत्त्याच्या ओळीच्या उजव्या टोकाला बघा. छोट्या खिडकीवर लाल खूण असेल तर ब्राउझरने पॉप-अप अडवला आहे. पावत्या, चलन, दाखले वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. त्या खुणेवर क्लिक करून फक्त त्या साइटला परवानगी द्या. सगळ्या साइट्सना देऊ नका.

फाइल उतरली पण सापडत नाही, तर कंट्रोल आणि जे. तीन-तीनदा डाउनलोड करण्याआधी हे बघा.

ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते, ती बिघडलेली नसते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष, असा आठ अक्षरांचा पासवर्ड असतो. मोकळी जागा द्यायची नाही.

जुन्या मराठी साइटवर किंवा कागदपत्रात अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर ते युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर असंच दिसणार. ब्राउझर बदलून फरक पडत नाही.

७. ब्राउझर रांगतो

शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठली टॅब किती मेमरी खाते ते दिसतं. 'मेमरी'वर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा, वरची एक-दोन बंद करा.

४ जीबी रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर वीस टॅब उघड्या ठेवणं शक्य नाही, हे मान्य करायला हवं. सेटिंग्जच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी सेव्हर' आहे, तो न वापरलेल्या टॅब झोपवतो. पण फॉर्म अर्धा भरून स्वयंपाकाला उठणार असाल तर त्या साइटला यातून वगळा, कारण टॅब जागी होताना पान नव्याने येतं आणि भरलेलं जाऊ शकतं.

व्हिडिओ काळा दिसतो, पान लुकलुकतं, तर 'सिस्टिम'मधलं 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा.

सगळा कॉम्प्युटरच मंद असेल आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. माझ्या अनुभवात नवा कॉम्प्युटर घ्यायचा विचार करणाऱ्या निम्म्या लोकांचं काम यानेच भागतं.

८. जुनी विंडोज

विंडोज ७, ८ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०व्या आवृत्तीपासून विंडोज १० तरी लागते. त्यामुळे अशा कॉम्प्युटरवर क्रोम कितीही वेळा काढून पुन्हा टाकलात तरी नवा बसणार नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनंही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालणारा नसेल तर तात्पुरती वाढीव अद्यतनं घेता येतात, किंवा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून ब्राउझरपुरतं काम उत्तम चालवता येतं. पण बँकेचं काम विंडोज ७ वर करू नका. हे मी आग्रहाने सांगते आहे.

'ही साइट फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालेल' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर जुना ब्राउझर शोधत फिरू नका, तो जून २०२२ मध्ये बंद झाला. एजच्या सेटिंग्जमध्ये 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोड' आहे, त्यात ते पान उघडतं. फ्लॅश (पानावर व्हिडिओ-ॲनिमेशन चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) मागणारं पान मात्र सोडून द्या. फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपलं, आणि 'फ्लॅश अपडेट करा' म्हणणारी प्रत्येक खिडकी फसवी आहे.

९. बँकेचा पत्ता बदलला आणि पासवर्ड आपोआप येईना

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. ब्राउझर पासवर्ड पत्त्याशी बांधून ठेवतो. पत्ता बदलला की तो पासवर्ड सुचवत नाही, आणि आपल्याला वाटतं तो पुसला गेला. पासवर्ड मॅनेजर उघडून जुन्या नावाखाली बघा, तिथे असतो. तिथून वाचून नव्या पत्त्यावर टाका आणि पुन्हा साठवा.

नवा पत्ता शोधयंत्रात पहिल्या आलेल्या जाहिरातीवरून घेऊ नका. पासबुक, बँकेचं मोबाइल ॲप किंवा शाखेतून घ्या.

पैसे भरताना पान मध्येच अडकलं तर रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका, लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा. कार्ड किंवा यूपीआयने खरेदी करताना पैसे कापले गेले आणि व्यवहार पक्का झाला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. व्यवहार क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

१०. स्क्रीन भरून भोंगा वाजला तर

अचानक पूर्ण स्क्रीनभर निळं-लाल पान येतं, आवाज सुरू होतो, 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा'. माउस हलत नाहीसा वाटतो. हे फक्त एक वेबपान असतं. फोन करू नका. एस्केप काही सेकंद दाबून धरा किंवा एफ११ दाबा, पान लहान होईल, मग बंद करा. नाहीच झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपने विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर संपवा. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोर पेजेस' विचारेल, तिथे नाही म्हणा.

फोन केला गेला असेल, कुणाला स्क्रीन दाखवली असेल किंवा ओटीपी सांगितला असेल, तर लाज वाटून गप्प बसू नका. नेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

११. रीसेट, आणि मगच माणूस बोलवा

इथवर काहीच लागू पडलं नाही तर सेटिंग्जमधलं 'रीसेट सेटिंग्ज' वापरा. यात एक्स्टेंशन बंद होतात, पहिलं पान मूळचं होतं, कुकीज जातात. बुकमार्क, हिस्ट्री आणि पासवर्ड राहतात. ब्राउझर काढून टाकण्यापेक्षा हे बरं, आणि बहुतेक वेळा पुरतं.

माणूस बोलवावा लागला तर वहीतलं त्याच्यापुढे ठेवा: संदेश काय होता, मोबाइल डेटावर साइट उघडली का, दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय झालं, आदल्या दिवशी नवीन काय टाकलं. 'फॉरमॅट मारावं लागेल' असं आल्या आल्या म्हणाला तर आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या तीन फोल्डरांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली का ते विचारा. घेतली नसेल तर त्याला थांबवा. त्याने पासवर्ड मागितला तर सांगू नका, स्वतः टाइप करा. तो गेल्यावर दूरून कॉम्प्युटर चालवायचं एखादं ॲप त्याने मागे ठेवलं नाही ना, ते 'इन्स्टॉल्ड ॲप्स' यादीत बघून घ्या.